नव्या रेसिडेंटला लेबर रूममध्ये एकटं कधी सोडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नुकतेच लेक्चरर झालात आणि गोव्यातल्या सरकारी इस्पितळात स्त्रीरोग-प्रसूती युनिटचे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणारे निवासी डॉक्टर) तुमच्याकडे आले. एक जण दर अर्ध्या तासाने फोन करतो, दुसरा सगळं हाताबाहेर गेल्यावर पहाटे उठवतो, आणि सिझेरियन मात्र दोघांनाही याच आठवड्यात करायचंय. सुरुवात कुठून करायची आणि रात्री एकटं कधी सोडायचं, हे तुम्हाला हवंय.

सिझेरियनपासून सुरुवात करू नका. टाके घालायला, गाठी मारायला बहुतेकांचा हात काही महिन्यांत बसतो. समोरची बाई बिघडते आहे हे वेळेत ओळखणं आणि ते योग्य माणसाला नेमक्या शब्दांत सांगणं, हे मात्र कुणी मुद्दाम शिकवत नाही. रात्रीची मोठी संकटं बहुतेक इथूनच सुरू होतात. म्हणून पहिल्या दिवशी चाकू नव्हे, कागद हातात द्या: सीनिअरला कधी बोलवायचं, त्याची यादी. ती लेबर रूमच्या टेबलावर चिकटवा आणि त्यात आकडे घाला. ‘गंभीर वाटल्यास कळवा’ असं लिहिलंत तर घाबरट सतत कळवेल आणि धीट कधीच कळवणार नाही.

माझ्या मते यादीत एवढं हवंच. कळ ओसरल्यावरही बाळाचे ठोके 110 च्या खाली किंवा 160 च्या वर राहिले. बीपी 160/110 किंवा त्याहून जास्त, वरचा-खालचा कुठलाही एक आकडा असला तरी. योनीमार्गे डिलिव्हरीनंतर 500 मिली रक्त गेलं, किंवा 300 च गेलं पण नाडी 100 च्या वर चढली. अर्ध्या तासात वार पडली नाही. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. आधी सिझेरियन झालेल्या बाईला दोन कळांच्या मधेही पोट दुखतंय, किंवा लघवी लालसर आली. फाटलेला भाग गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेल्याची शंका आली. आणि शेवटचं कलम, जे बहुतेक ठिकाणी नसतं: ड्यूटीवरची सिस्टर म्हणाली ‘बोलवा’, तर बोलवायचं, चर्चा नाही. वीस वर्षं लेबर रूम सांभाळलेल्या सिस्टरचा अंदाज पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटपेक्षा चांगला असतो. ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

यादीतल्या कारणासाठी फोन आला तर कुणीही ओरडायचं नाही, हा नियम वरच्यांना लागू करणं सगळ्यात अवघड जातं. ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की पुढच्या वेळी फोन तासभर उशिरा येतो.

फोनवर काय बोलायचं याचीही तालीम घ्या. कोण आणि कुठून, बाईची पार्श्वभूमी, आत्ता काय सापडलं, काय केलं आणि काय हवंय, या क्रमाने. उदाहरणार्थ (ड्रेप म्हणजे बाईखालची, रक्त गोळा करून मोजायची प्लास्टिकची चादर; ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळतं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड रक्तस्राव कमी करतं): ‘मॅडम, लेबर रूममधून बोलतोय. बेड तीन, दुसरी खेप, अर्ध्या तासापूर्वी नॉर्मल डिलिव्हरी. ड्रेपमध्ये साडेसहाशे मिली रक्त, नाडी 124, बीपी 90/60, गर्भाशय सैल. ऑक्सिटोसिन चालू आहे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलंय. तुम्ही आत्ता यायला हवं.’ शेवटचं वाक्य बहुतेक ज्युनिअर गिळतात. नुसती माहिती देतात आणि समोरचा आपणहून निघेल अशी आशा धरतात. फोनवर मिळालेली औषधाची मात्रा परत उच्चारून दाखवायची आणि मगच फोन ठेवायचा.

पहिले दोन महिने हाताचे आणि कानाचे. बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणारं सीटीजी मशीन आहे म्हणून पोटावर हात ठेवायचा कंटाळा, हा आजचा रोग. रेसिडेंटला स्टुलावर बसवा, तळहात फंडसवर, म्हणजे गर्भाशयाच्या वरच्या भागावर, ठेवायला लावा, समोर घड्याळ. पूर्ण दहा मिनिटं मोजायचं: कळा किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, मधे गर्भाशय पूर्ण सैल होतंय का. मशीनचा पट्टा सरकला तर कळांचा आलेख सपाट येतो आणि कळा नाहीत असं समजून ड्रिप वाढवली जाते. हात ठेवला असता तर कळलं असतं. ठोके ऐकायचे ते कळ चालू असताना आणि ती ओसरल्यावर, पूर्ण मिनिटभर. पहिल्या अवस्थेत (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत) दर अर्ध्या तासाने, दुसऱ्या अवस्थेत (तिथून बाळ येईपर्यंत) दर पाच मिनिटांनी. आईची नाडी त्याच वेळी बोटाखाली हवी. नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात.

आतली तपासणी शिकवताना एकाच बाईला चौघांनी तपासायचं, हे बंद करा. तुम्ही तपासा, निष्कर्ष मनात ठेवा. मग बाईला विचारून एकाच रेसिडेंटने तपासायचं, त्याने आधी आपलं लिहायचं, मग ताडून बघायचं. तो गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय तेवढंच सांगेल. तुम्ही विचारा: तोंड जाड की पातळ, पाणमोट शाबूत आहे का, पाण्याचा रंग कसा, डोकं कुठल्या पातळीवर, टाळू कुठल्या दिशेला, डोक्यावर सूज किती. डोक्याची सूज खाली आली म्हणजे डोकं खाली आलं असं नव्हे, ही चूक तिसऱ्या वर्षापर्यंत टिकते. त्यावरचा उपाय पोटावरून डोकं तपासणं: पाचांपैकी किती बोटं डोकं अजून वर लागतंय ते आधी लिहायचं, मगच आत हात.

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते त्याचा तक्ता, हा नंतर बसून भरायचा कागद नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या लेबर केअर गाइडमध्ये सक्रिय अवस्था 5 सेंटिमीटरपासून धरली आहे आणि प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मर्यादा दिली आहे: 5 वर 6 तास, 6 वर 5 तास, 7 वर 3, 8 वर अडीच, 9 वर 2. जुनी तासाला एक सेंटिमीटरची रेघ डोक्यात असलेला सीनिअर आणि नवी मर्यादा शिकलेला ज्युनिअर एकाच रात्री असले तर भांडण ठरलेलं. युनिटमध्ये एकच कागद वापरा.

ऑक्सिटोसिनच्या ड्रिपचं गणित तोंडपाठ नव्हे, लिहून करून घ्या. 5 युनिट 500 मिली रिंगर लॅक्टेटमध्ये घातलं की 1 मिलीत 10 मिलियुनिट. सेट मिलीला 20 थेंबांचा असेल तर एका थेंबात अर्धा मिलियुनिट. म्हणजे मिनिटाला 4 थेंब म्हणजे 2 मिलियुनिट, 8 थेंब म्हणजे 4. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. सगळे सेट 20 चे नसतात. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा आल्या तर आधी ड्रिप बंद, मग बाई डाव्या कुशीवर, मग फोन. क्रम हाच. बरेच जण आधी फोन करतात आणि तोवर थेंब पडतच राहतात.

रक्तस्रावाची तालीम हा प्रशिक्षणाचा गाभा. महिन्यातून एकदा, वीस मिनिटं, खऱ्या लेबर रूममध्ये, खऱ्या कपाटासमोर घ्या. सेमिनार रूममध्ये घेतलेल्या तालमीत फ्रिजची किल्ली कुणाकडे आहे हे कधीच कळत नाही. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, कार्बोप्रोस्ट हे गर्भाशय आवळणारं दुसरं औषधही फ्रिजमध्ये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ट्रेवर दिवसभर पडलेल्या ॲम्प्युलवर भरवसा ठेवू नये.

प्रत्येक डिलिव्हरीत बाळ आल्यावर मिनिटाच्या आत 10 युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत. खाली मापाच्या खुणा असलेला ड्रेप. डोळ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो, विशेषतः कापसात आणि चादरीत मुरलेल्या रक्ताचा. 2023 मध्ये निष्कर्ष आलेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात मापाचा ड्रेप आणि उपचारांचा एकत्र संच यांनी गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम साधारण 60 टक्क्यांनी कमी झाले. त्यातलं शिकण्यासारखं म्हणजे उपाय एकामागून एक नव्हे, एकाच वेळी: गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, सलाईन, आणि रक्त कुठून येतंय त्याची तपासणी. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा उपयोग डिलिव्हरीनंतर तीन तासांच्या आत दिलं तरच. अर्ध्या तासानंतरही रक्त चालू असेल तर दुसरा ग्रॅम.

तालमीत चूक कुठे होते ते सांगतो. गुलाबी 20 नंबरची कॅन्युला लावून सगळे निश्चिंत होतात. दोन जाड हव्यात, करडी 16 किंवा निदान हिरवी 18. मूत्राशय रिकामं करायला विसरतात आणि भरलेल्या मूत्राशयावर गर्भाशय आवळतच नाही. गर्भाशय घट्ट आहे म्हणून ‘रक्तस्राव नाही’ असं लिहितात, आणि फाटलेलं गर्भाशयमुख वाहत राहतं. मेथर्जिन (हेही गर्भाशय आवळणारंच) बीपी असलेल्या बाईला जातं, कार्बोप्रोस्ट दमेकरी बाईला. त्यावर सोपा तोडगा: ॲडमिशनच्या वेळीच दमा आणि बीपी हे दोनच प्रश्न विचारून फाइलवर लाल शाईत लिहायचं. कार्बोप्रोस्ट 250 मायक्रोग्रॅम स्नायूत, गरजेप्रमाणे पंधरा मिनिटांच्या अंतराने, जास्तीत जास्त आठ मात्रा. पण आठव्या मात्रेची वाट बघायची नसते. दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेतच ऑपरेशन थिएटर आणि ब्लड बँकेला फोन गेलेला असावा. कंडोम टॅम्पोनेडचा, म्हणजे गर्भाशयात कंडोम सलाईनने फुगवून आतून दाब द्यायचा, संच (फोलीज कॅथेटर, कंडोम, जाड धागा, 50 मिलीची सिरिंज, सलाईन) आधीच पिशवीत बांधलेला ठेवा आणि 300 ते 500 मिली भरून दाखवायला लावा. धागा सैल बांधला तर पाणी गळतं, फार करकचून बांधला तर कॅथेटर बंद होतो. दोन्ही बादलीवर एकदा अनुभवलेलं बरं.

बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट. इथे रात्री गोंधळ होतो तो ॲम्प्युल मोजण्याचा. आपल्याकडची 50 टक्क्यांची 2 मिलीची ॲम्प्युल म्हणजे 1 ग्रॅम. पहिला डोस: 4 ॲम्प्युल म्हणजे 8 मिली, त्यात 12 मिली सलाईन, झालं 20 मिली, 20 टक्क्यांचं. हे शिरेतून सावकाश, निदान पाच मिनिटं घड्याळ लावून. मग 5 ॲम्प्युल एका कुल्ल्यात, 5 दुसऱ्यात, प्रत्येक सिरिंजमध्ये 2 टक्क्यांचं लिग्नोकेन (भुलीचं औषध) 1 मिली. एकूण 14 ॲम्प्युल. इमर्जन्सी ट्रेमध्ये 14 एकत्र बांधून ठेवले तर मोजायची वेळच येत नाही. शेजारी मॅग्नेशियमचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेटची 10 मिलीची ॲम्प्युल, पट्टी लावून. पुढचा 5 ग्रॅमचा डोस दर चार तासांनी, पण आधी तीन गोष्टी: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतोय, श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त, लघवी ताशी 30 मिली. गुडघा न ठोकता ‘रिफ्लेक्स प्लस’ लिहिलेलं सापडलं तर त्या रेसिडेंटला त्या दिवशी पुढे काहीही शिकवू नका, आधी हातोडी हातात द्या.

आता टाके. गाठी घरी खुर्चीच्या दांड्यावर शिकायच्या, आधी दोन हातांची चौकोनी गाठ, मग उपकरणाने. सुई टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर पकडायची; मागच्या बाजूला, जिथे धागा जोडलेला असतो, तिथे पकडली की ती वाकते. कातडी आणि चरबीच्या थरांचा सराव करायला मडगाव-म्हापशाच्या बाजारात डुकराच्या पोटाकडचा कातडीसकट तुकडा सहज मिळतो, महागड्या सिम्युलेटरपेक्षा बराच बरा. ज्याला धर्माने किंवा मनाने तो चालत नसेल त्याला स्पंजवर करू द्या, आग्रह नको.

एपिझिओटॉमी (बाळाला वाट मोठी करायला दिलेला छेद) सरसकट नाहीच. लागलीच तर डोक्याने खालची जागा ताणली गेल्यावर, मध्यरेषेपासून 60 अंशांत. ताणलेल्या अवस्थेतले 60 अंश नंतर साधारण 45 होतात. ज्युनिअर 30 ने कापतो आणि कात्री गुदद्वाराच्या स्नायूकडे जाते. शिवण्याआधी चांगला दिवा, पुरेशी भूल: 1 टक्का लिग्नोकेन, 50 किलोच्या बाईला 20 मिलीपर्यंत. बाटली 2 टक्क्यांची असेल तर तेवढंच सलाईन घालून पातळ करायचं, आणि टोचताना मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं. पहिला टाका जखमेच्या वरच्या टोकाच्याही साधारण सेंटिमीटरभर वर. ते टोक दिसल्याशिवाय सुरुवात करायची नाही. मागे सरकलेली रक्तवाहिनी तिथेच असते आणि दोन तासांनी बाई ‘खाली दाब येतोय’ म्हणते तेव्हा आत रक्ताची गाठ झालेली असते. शिवण्याआधी आणि शिवून झाल्यावर, दोन्ही वेळा गुदद्वारातून बोट घालून तपासणी. गॉझ मोजून आत, मोजून बाहेर, आकडा फाइलवर.

सिझेरियन तुकड्यांत शिकवा आणि शेवटाकडून सुरुवात करा. आधी कातडी शिवणं, मग शीथ (पोटाच्या स्नायूंवरचं मजबूत आवरण), मग गर्भाशय, मग पोट उघडणं, आणि सगळ्यात शेवटी बाळाचं डोकं काढणं. या क्रमात पहिल्या टप्प्यांवर घाई नसते आणि प्रत्येक टप्पा पुढच्याची शरीररचना दाखवतो. पहिली पूर्ण केस ठरलेली, आधी ऑपरेशन न झालेली, बाळाचं डोकं अजून खाली न रुतलेली निवडा. पूर्ण उघडलेल्या तोंडाची, डोकं खाली रुतलेली केस कितीही सोपी वाटली तरी पहिल्या वर्षाला नाही. तिथे खालचा भाग ताणून वर गेलेला असतो. नेहमीच्या जागी कापलं तर चीर योनीच्या जवळ पडते. ती वर घ्यावी लागते. डोकं काढताना मनगट तरफेसारखं वापरलं की चीर कोपऱ्यातून फाटत गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत जाते. हात डोक्याच्या खाली पूर्ण गेल्यावर सरळ वर, पोटाच्या दिशेने उचलायचं, कळ चालू असेल तर थांबून. हे शब्दांत सांगून पुरत नाही. पहिल्या काही वेळा तुमचा हात त्याच्या हातावर हवा.

कोपऱ्याचा टाका चीर संपते त्याच्या थोडा पलीकडे, पण आंधळेपणाने खोल नाही. मूत्रवाहिनी फार लांब नसते. पोट बंद करण्याआधी दोन्ही कोपरे आणि मूत्राशयाची कड पुन्हा बघायची आणि लघवीच्या पिशवीचा रंग विचारायचा. अँटिबायोटिक कातडी कापण्याआधी, नाळ कापल्यावर नव्हे.

गोव्यातल्या परिस्थितीबद्दल थोडं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) फक्त गोव्यातल्या बाया येत नाहीत. सावंतवाडी, दोडामार्गकडून आणि कारवारकडूनही येतात, बऱ्याचदा रात्री आणि अर्धवट कागदांसह. रेसिडेंटला तिन्ही-चारी भाषा बोलता येणार नाहीत, पण कोंकणीतले दहा-बारा प्रश्न तरी पहिल्या आठवड्यात पाठ हवेत: ‘भुरगें हालता मू?’ (बाळ हलतंय ना?), ‘रगत वता?’ (रक्त जातंय?), ‘कळो केन्नासावन येतात?’ (कळा कधीपासून येतायत?) कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या कामगार कुटुंबातल्या बाईची संमती नवऱ्याकडून उरकू नका; दुभाष्या सिस्टर किंवा आया शोधा आणि कोणी समजावलं ते लिहा.

तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम अनेकांना सुट्टी वाटते. उलट म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातच रेसिडेंटला ‘कधी पाठवायचं’ हे शिकायला मिळतं, कारण मोठ्या कॉलेजात तो फक्त आलेले पेशंट घेतो. जाण्याआधी त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घ्या: निघण्याची वेळ, शेवटची नाडी आणि बीपी, मॅग्नेशियमचा किती डोस किती वाजता, पाणमोट कधी फुटली, पुढच्या इस्पितळात कुणाशी फोनवर बोललं. काणकोण किंवा सांग्याहून निघालेल्या गाडीत हे नसलं तर मॅग्नेशियमचा डोस दोनदा पडू शकतो.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत रोस्टर विरळ होतं. नेमकं तेव्हाच पहिल्या वर्षाला एकटं टाकायचा मोह होतो. तो टाळा. त्या आठवड्याची यादी महिनाभर आधी, नावांसकट ठरवा.

एकटं सोडण्याची परवानगी कामागणिक द्या, माणसागणिक नव्हे. प्रत्येक कामापुढे चार पायऱ्या: बघितलं, मदत केली, समोर उभं राहून करून घेतलं, इमारतीत सीनिअर असताना केलं. लॉगबुकातला नुसता आकडा काही सांगत नाही. चाळीस डिलिव्हरींनंतरही वार तपासायला विसरणारा असतोच. म्हणून सही करण्याआधी एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे न बोलता, वही घेऊन बघा. रात्रीच्या पहिल्या स्वतंत्र ड्यूटीसाठी माझी अट एवढीच: रक्तस्रावाची तालीम, मॅग्नेशियमचा डोस, खांदा अडकल्यावरचे हात आणि नवजाताला श्वास देणं, या चारही गोष्टी त्याने गेल्या महिन्यात सिस्टरच्या देखत करून दाखवलेल्या असाव्यात. चोवीस तास जागलेल्याला मात्र आयुष्यातली पहिली कुठलीही गोष्ट त्या दिवशी करू देऊ नका.

वाईट निकाल लागला तर त्याच दिवशी, फाइल समोर ठेवून, पंधरा मिनिटं बसा: काय दिसलं, कधी दिसलं, आणि कधी कळवलं. या बैठकीत नोंदी ‘नीट’ करायचा आग्रह कुणी धरला तर तिथेच थांबवा. राहून गेलेली नोंद घालायची असेल तर नव्या ओळीवर, आजची तारीख, आत्ताची वेळ, ‘उशिराची नोंद’ असं स्पष्ट लिहून, खाली सही.